एकसष्ट तास वीस मिनिटं

"थांबली," मी म्हणालो.

पंढरीनं करकचून ब्रेक दाबला. "कोण थांबली?"

"खरखर. पुन्हा थांबली."

मी कानावरचा हेडफोन काढून त्याच्याकडं दिला. त्यानं तो एका कानाला लावला, डोळे मिटले आणि भजन ऐकायला बसल्यासारखं तोंड केलं. "कायच न्हाय. थांबली तर बरंच झालं की, आण्णा. चला, वहिनींनी चहा टाकला असंल."

आमची गाडी ओढ्यावरच्या पुलावर उभी होती. समोर पिंपळमळा. चाळीस-पन्नास घरं, द्राक्षांचे मांडव, आणि एका कडेला बबन डुंबऱ्याची हॅचरी. यंत्रात अंडी उबवून तो पिल्लं विकायचा. दहा मिनिटांपूर्वी आम्ही ऑफिसातून निघालो तेव्हा खरखर जोरात चालू होती. त्या महिन्यातली ही सहावी वेळ. आम्ही निघायचं, आणि पोचायच्या आत ती बंद व्हायची.

"पंढरी," मी म्हणालो, "आपण येतोय हे त्याला कोण सांगतं?"

"कुणाला?"

"ज्याची खरखर आहे त्याला."

"कावळा सांगत असंल," पंढरी म्हणाला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. पंढरी औटी अकरा वर्षं माझ्याबरोबर गाडी चालवत होता. आणि बबन डुंबरे त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

आमच्या खोऱ्यात आकाशातल्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या दुर्बिणी आहेत. लोखंडी जाळीच्या, मोठ्या वाडग्यासारख्या. गावातले लोक त्यांना छत्र्या म्हणतात. मी तिथं तंत्रज्ञ होतो आणि माझं काम खरखर शोधायचं होतं. पंपाचा स्टार्टर खराब असला, कुठं वेल्डिंग चाललं असलं, तारेला फांदी घासत असली की ठिणगी उडते. ती ठिणगी छत्र्यांना ऐकू येते, आणि आकाशातलं बारीक काही असेल ते तिच्याखाली बुडून जातं. म्हणून गाडीवर अँटेना लावून आम्ही गावोगाव हिंडायचो. ठिणगी सापडली की त्या माणसाला समजावायचं, वस्तू दुरुस्त करून द्यायची आणि नोंदवहीत लिहायचं. तारीख, कधी सुरू झाली, कधी बंद झाली, किती मिनिटं, उगम कुठं. बारा वर्षांत उगमाचा रकाना मी कधी कोरा सोडला नव्हता. त्या वर्षी दिवाळीनंतर तो कोरा राहायला लागला.

त्या हिवाळ्यात केतकर मॅडमचं काम चाललं होतं. नीरजा केतकर, वय तिशीच्या आसपास, बारीक अंगाच्या, जेवायचा डबा हमखास विसरणाऱ्या. रात्रीच्या वेळा मोठ्या लोकांनी घेतल्या होत्या. मॅडमना दिवसाच्या मिळाल्या, सकाळी अकरा ते दुपारी चार, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. चार वर्षं त्यांनी या वेळेसाठी वाट पाहिली होती. फेब्रुवारी संपला की छत्र्या दुसऱ्यांना मिळणार होत्या.

"तुम्ही नक्की काय शोधताय, मॅडम?" मी सुरुवातीलाच विचारलं होतं. मी कुणासाठी खरखर हुडकतोय ते मला माहीत असलेलं बरं वाटायचं.

"पहिले तारे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तारे नाही, त्यांच्या खुणा. बसा, सांगते."

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. विश्व सुरू झालं तेव्हा सगळं तापलेलं होतं. मग ते थंड झालं आणि अंधार पडला. कोट्यवधी वर्षं नुसता अंधार आणि सगळीकडं पसरलेला वायू, बहुतेक हायड्रोजन. लोखंड नाही, माती नाही, दगड नाही. जिथं वायू जरा दाट होता तिथं तो आणखी गोळा होत गेला, आणि शेवटी पेटला. ते पहिले तारे.

"हा हायड्रोजन अगदी मंद कुजबुजत असतो, वाव्हळ," मॅडम म्हणाल्या. "ती कुजबुज आपण ऐकतोय. तारा पेटला की त्याच्या उजेडानं भोवतालचा हायड्रोजन फुटायचा आणि तिथली कुजबुज बंद पडायची. कुजबुज कुठं कुठं थांबली ते कळलं की तारे कुठं पेटले ते कळतं."

"म्हणजे आवाज शोधायचा नाही. आवाज थांबला ती जागा शोधायची."

"बरोबर. पण त्याआधी आपल्या जवळचं सगळं वजा करायचं. आपली आकाशगंगा, सूर्य, विमानं, माणसं. जवळचं एवढं मोठं असतं की लांबचं ऐकूच येत नाही. आणि तुमच्या पिंपळमळ्यातली ही खरखर वजा होत नाहीये. ती आली की तेवढे तास मला फेकून द्यावे लागतात."

"मी शोधतो," मी म्हणालो.

पिंपळमळा तुमचा, असं त्या म्हणाल्या ते खरं होतं. माझं घर तिथंच होतं. घरात मी आणि शेवंता. आम्हाला मूल नव्हतं. मी सकाळी नऊला बाहेर पडायचो आणि संध्याकाळी सहाला परत यायचो. मळ्यात गाडी घेऊन जायचं झालं तर निघताना ऑफिसातून घरी फोन करायचो, "येतोय गं, चहा टाक." मोबाईलला आमच्याकडं मुद्दामच रेंज ठेवली नव्हती. पंढरीला शेवंताच्या हातचा आल्याचा चहा आवडायचा. तो मेहुण्याकडं जायच्या आधी आमच्याकडं यायचा.

त्या दिवशीही चहा तयार होता. शेवंता ओट्याला टेकून उभी होती.

"सापडली का हो तुमची चोरटी?" तिनं विचारलं.

"वहिनी, ती माझ्या मेहुण्याच्या कोंबडीच्या पोटात हाय, असं आण्णांचं म्हणणं हाय," पंढरी म्हणाला.

शेवंता हसली. हसताना तिनं ओटा धरला. मी ते पाहिलं. आज मला ते दिसतं, म्हणजे तेव्हाही पाहिलंच असणार.

मी हसलो नाही. माझं डोकं दुसरीकडं होतं. खरखर दर दीड-दोन मिनिटांनी यायची, पाच-दहा सेकंद राहायची आणि जायची. म्हणजे तापवणारी वस्तू. तापली की आपोआप बंद होते, निवली की आपोआप चालू होते, आणि त्या चालू-बंदच्या जागी ठिणगी उडते. अंडी उबवायच्या यंत्रात हेच असतं. शिवाय नोंदवहीत आणखी एक गोष्ट दिसत होती. रविवारी खरखर नसायची. मी रजेवर असलो की नसायची. रोज संध्याकाळी साडेपाचनंतर नसायची. ज्या कुणाची ती होती त्याला माझं वेळापत्रक तोंडपाठ होतं.

एवढं कुणाला माहीत होतं? पंढरीला.

मी बबनची हॅचरी दोनदा उघडून पाहिली होती. दोन्ही वेळा यंत्रं चालू होती आणि खरखर नव्हती. "बघा, आण्णा, अजून बघा," बबन म्हणाला होता. "अंड्यात बसून बघताय का?" मी गेलो की हा दुसरं काहीतरी लावत असणार, असं मी धरून चाललो. जुनं यंत्र, मागच्या खोलीत. आम्ही निघालो की पंढरी त्याला कळवतो. कसं कळवतो तेवढं फक्त सापडत नव्हतं.

मी पंढरीवर नजर ठेवायला लागलो. तो निघायच्या आधी लघवीला गेला तरी मी मागे जायचो. फाट्यावर त्यानं दोनदा हॉर्न वाजवला तर मी लिहून ठेवलं. एकदा त्यानं पुलाजवळ डोक्याला रुमाल बांधला, तेही मी लिहिलं.

"आण्णा," तो एकदा म्हणाला, "माझ्याकडं असं का बघता? लग्न ठरवायचंय का माझं?"

"गाडी चालव," मी म्हणालो.

घरी जेवताना मी रोज शेवंताला हेच सांगायचो. ती माझ्यासमोर बसायची, भाकरीचा तुकडा ताटात फिरवायची.

"तू का जेवत नाहीस?"

"दुपारी उशिरा खाल्लं. पित्त झालंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात की." मग ती विषय बदलायची. "ते तारे सांगा ना. मॅडमचे. ते आता कुठं आहेत?"

"मेले ते."

"सगळे?"

"सगळे. फार मोठे होते. सूर्याच्या शंभरपट. मोठ्यांचं जळण लवकर संपतं. वीस-तीस लाख वर्षांत खलास."

"वीस लाख वर्षं म्हणजे लवकर होय!" ती म्हणाली. "आणि मग?"

"फुटले. त्यांची राख सगळीकडं उडाली. लोखंड, चुना, सगळं त्यांच्यापासून सुरू झालं. ती राख मिसळली म्हणून पुढचे तारे लहान झाले. लहान तारे टिकतात. आपला सूर्य त्यातलाच. मॅडम म्हणतात, आपल्या हाडातला चुनासुद्धा अशाच ताऱ्यांच्या राखेतला."

शेवंतानं स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "म्हणजे कुणीतरी आधी जळून गेलं तेव्हा हे आलं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "ती खरखर करणारा सापडला तर काय करणार?"

"आधी पंढरीला गाडीवरून काढायला लावणार. एका माणसाच्या ठिणगीपायी मॅडमची चार वर्षं चाललीत."

"फेब्रुवारी संपला की झालं ना पण तुमचं?"

"त्याच्या आत सापडली पाहिजे."

"फेब्रुवारी म्हणजे अजून तीन आठवडे," ती म्हणाली. मला वाटलं, माझ्यासाठी मोजतेय.

शेवटी मी एक गोष्ट केली. कुणाला न सांगता केली. वायरमनला गाठून एका शुक्रवारी सकाळी अकराला पिंपळमळ्याचा डीपीच बंद करायला लावला. अख्ख्या मळ्याची लाईट संध्याकाळी पाचपर्यंत गेली. बबनचा जनरेटर दुरुस्तीला गेलेला होता, ते मला माहीत होतं. म्हणून तर मी तो दिवस निवडला.

त्या दिवशी खरखर आली नाही. अकरा ते चार, एकदासुद्धा नाही.

मॅडम आलेखाच्या पट्ट्यावर बोट फिरवत राहिल्या. "वाव्हळ, किती स्वच्छ आहे हे!"

मी तिथंच खुर्ची ओढून तक्रारीचा अर्ज लिहिला. डुंबरे यांच्या हॅचरीतून ठिणगी येते. चालक औटी त्यांना आगाऊ सूचना देतात. वहीतल्या हॉर्नच्या आणि रुमालाच्या तारखा मी अर्जात घातल्या. संध्याकाळपर्यंत साहेबांनी पंढरीकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्याला बागेतलं गवत कापायला लावलं. बबनला यंत्रं तपासून होईपर्यंत बंद ठेवायची नोटीस गेली. तशीही ती बंदच होती. सहा तास गारठ्यात राहून अर्ध्याहून जास्त पिल्लं अंड्यातच मेली होती.

पंढरी गेटपाशी मला भेटला. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

"आण्णा, मी रुमाल बांधला कारण त्या दिवशी वारं होतं."

"साहेबांना सांग."

"साहेबांना कशाला सांगू? अकरा वर्षं तुमच्या घरचा चहा प्यालोय," तो म्हणाला आणि निघून गेला.

घरी आलो. शेवंता भिंतीला टेकून खाली बसली होती. घरात गॅस असताना मागच्या अंगणातल्या चुलीवर पाणी तापत होतं. शेजारी टॉवेलात गुंडाळलेली काचेची बाटली होती.

"एवढं पाणी कशाला?"

"लाईट नव्हती ना दिवसभर. आंघोळीला." तिचा चेहरा घामानं ओला होता. "चुलीपाशी बसून घामाघूम झाले."

मी तिला सगळं सांगितलं. डीपी, अर्ज, पंढरी. मी खूश होतो.

"आणि त्यांची अंडी?" तिनं विचारलं.

"मेली असतील."

तिनं बाटलीवरचा टॉवेल घट्ट केला. मग म्हणाली, "पंढरीभाऊजी तसे वाटत नाहीत हो."

"तसे कुणीच वाटत नसतात."

शनिवारी मी रजा घेतली. रविवार घरीच होतो. दोन्ही दिवस ऑफिसात खरखर आली नाही. सोमवारी मी कामावर गेलो. एक वाजून वीस मिनिटांनी मॅडमनी हाक मारली.

पट्ट्यावर खरखर होती. तीच. दीड मिनिटानं, आठ सेकंद.

"हॅचरीला कुलूप आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे."

"पंढरी?"

मी खिडकीतून पाहिलं. पंढरी समोर गवतात उकिडवा बसून विळा चालवत होता.

मग कोण? ऑफिसात टेलिफोन जोडून देणारी बाई, असं मला वाटलं. आमचं बोलणं तीच ऐकते आणि पुढं सांगते. म्हणून मी फोन केला नाही. कुणालाच नाही, घरीसुद्धा नाही. गाडी घेतली नाही. हातात धरायचा अँटेना घेतला, टीव्हीच्या अँटेनासारखा असतो तो, हेडफोन कानाला लावला आणि मागच्या कुंपणातून निघालो. शेताशेतानं मळ्यात जायला पाऊण तास लागतो.

ओढा ओलांडला तरी खरखर चालू होती. पहिल्यांदाच. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. अँटेना गोल फिरवायचा आणि जिकडं आवाज जास्त तिकडं चालायचं. हॅचरीकडं धरला, आवाज कमी झाला. मारुतीच्या देवळाकडं धरला, कमी. वरच्या आळीकडं धरला आणि कान फाटेल एवढी आली.

वरच्या आळीत पाच घरं होती. मी पहिल्या घरावरून गेलो. दुसऱ्या घराच्या बाईनं विचारलं, "भाऊजी, आज पायीच?" मी तिच्याही घराकडं अँटेना धरला. मग तिसरं घर. प्रत्येक घराबद्दल माझ्या मनात काहीतरी यायचं. हा माझ्यावर जळतो, याला मी पंप बदलायला लावला होता. चौथ्या घराची भिंत संपली तिथं मी थांबलो. अँटेना पुढं धरला होता आणि पुढं माझं घर होतं.

मी अँटेना उलटा करून पाहिला. झटकून पाहिला. परत धरला.

दार नुसतं लोटलेलं होतं.

शेवंता आतल्या खोलीत सतरंजीवर कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेतलेले. पोटाला कापडी पट्टा बांधला होता, विजेचा, शेकायचा. त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. वायरच्या मधल्या काळ्या बटणात बारीक निळं काहीतरी चमकलं, आणि त्याच क्षणी माझ्या कानात खरखर झाली.

तिनं डोळे उघडले. मला पाहिलं, हातातल्या अँटेनाकडं पाहिलं.

"आज फोन नाही केलात?" ती म्हणाली. "चहा टाकला असता."

मी पुढं होऊन प्लग उपटला. कानातला आवाज बंद झाला.

"हा कुणाचा?"

"ताईचा. तिच्या कंबरेला आणलेला. तिनं दिवाळीत दिला." ती उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही. "तुम्ही यायच्या आधी काढून ज्वारीच्या कोठीत ठेवते."

"का?"

"तुम्ही काळजी केली असती. पुण्याला चल म्हणाला असता. मॅडमचं काम राहिलं असतं. म्हटलं फेब्रुवारी संपू दे, मग सांगू." तिनं उपटलेल्या प्लगकडं पाहिलं. "अहो, ती खरखर... ही होय?"

मी मान हलवली.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि त्या बबनची अंडी..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यानं आलं नव्हतं ते. मग तिनं पोट दाबून धरलं, ओठ चावला आणि हळूच म्हणाली, "थोडा वेळ राहू द्या ना तो. एवढी कळ जाऊ दे."

सव्वादोन वाजून गेले होते. छत्र्या चालू होत्या. मॅडम पट्ट्यासमोर बसलेल्या असणार, आवाज थांबलेला बघून त्यांना वाटलं असणार की मी गाठलं.

मी प्लग परत लावला. हेडफोन काढून बाजूला ठेवला तरी त्यातून खरखर ऐकू येत होती. मी तिच्या पायाशी बसून राहिलो. सव्वातीनला तिला झोप लागली तेव्हा बंद केला.

मंगळवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. उभा राहून सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"वाव्हळ, तुम्ही इथं काय करताय? गाडी घ्या आणि त्यांना पुण्याला न्या. आत्ता."

"गाडीला चालक नाही, मॅडम."

त्यांनी खिडकी उघडली आणि बागेकडं बघून हाक मारली, "औटी!"

पंढरीनं हातपाय धुतले आणि गाडी काढली. शेवंताला मागच्या सीटवर झोपवलं, डोक्याखाली त्याचा रुमाल घडी करून दिला. खेड सोडल्यावर मी म्हणालो, "पंढरी, माझी चूक झाली."

"वहिनींचा डोळा लागलाय, आण्णा," तो म्हणाला. "हळू बोला."

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, आणि खुर्चीत टेकून तिला विचारलं, "दुखणं कधीपासून आहे?"

"थोडे दिवस झाले," शेवंता म्हणाली.

"थोडे म्हणजे किती? रोज दुखतं? किती वेळ? बाई, मला नक्की सांगा. वाढत गेलं का, ते मला कळायला हवं."

शेवंतानं माझ्याकडं पाहिलं. तिला खरंच सांगता येत नव्हतं. दुखणारा माणूस घड्याळ बघत नाही.

माझ्या पिशवीत नोंदवही होती. बारा वर्षांची सवय, ती बरोबरच असायची. मी ती उघडली आणि वाचायला लागलो.

"नऊ नोव्हेंबर. दुपारी दोन दहा ते दोन पस्तीस. पंचवीस मिनिटं. अकरा नोव्हेंबर. एक चाळीस ते दोन वीस. चौदा नोव्हेंबर..."

डॉक्टर लिहून घेत होते. डिसेंबरात रोज पाऊण तास. संक्रांतीनंतर दोन वेळा, सकाळी आणि दुपारी. फेब्रुवारीत एका दिवशी तीन तास दहा मिनिटं. पंढरीवर नजर ठेवली होती ते दिवस, हॉर्नचा दिवस, रुमालाचा दिवस. डीपी बंद केला त्या शुक्रवारी मी लिहिलं होतं, "खरखर नाही. उत्तम." ते मी वाचलं नाही.

"एवढं नीट कुणी लिहून आणत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मग इतके दिवस थांबलात कशाला?"

उत्तर शेवंतानं दिलं. "त्यांचं काम चालू होतं," ती म्हणाली.

ज्येष्ठात ती गेली. एकोणचाळीस वर्षांची होती. तिरडीला पुढून पंढरीनं खांदा दिला, मागून बबननं. बबनच्या घरी मी त्याआधी एकदा गेलो होतो, पाया पडायला. त्यानं पडू दिलं नाही, आणि बसही म्हणाला नाही.

दोन वर्षांनी मॅडमचा लेख छापून आला. त्यांनी मला प्रत पाठवली, आत माझं नाव होतं, आभारात. कुजबुज कुठं थांबली ते त्यांना त्या वेळी सापडलं नव्हतं. एवढं कळलं की अजून जास्त ऐकावं लागेल. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती. लेख इंग्रजीत, म्हणून मी ती ओळ ऑफिसातल्या पोरांकडून दोनदा वाचून घेतली. जवळच्या एका ठिणगीमुळं बिघडलेले एकसष्ट तास वीस मिनिटं एकूण निरीक्षणातून वगळले आहेत, असं तिथं लिहिलं होतं.

त्यानंतर ऑफिसातल्या जुन्या वह्या गोळा करायचं निघालं. नवे साहेब होते. माझ्या सगळ्या वह्या होत्या, ती एक सोडून.

"त्या हिवाळ्याची नोंदवही कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"हरवली."

"अशी कशी हरवली? तुमच्या हातून?" त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग दारात किल्ली घेऊन उभ्या असलेल्या पंढरीकडं वळले. "औटी, तुम्ही गाडीवर होतात. तुम्हाला माहीत आहे ती वही कुठं आहे?"

पंढरीला माहीत होतं. आमच्या घरी चहाला आला की ज्वारीच्या कोठीजवळ बसायचा तो. आतल्या वहीमुळं झाकण नीट लागत नाही, हे त्यानंच मला दाखवलं होतं.

"गाडीतून वाऱ्यानं उडाली, साहेब," पंढरी म्हणाला. "पुलावर. त्या दिवशी वारं होतं."